सीझनआधी खेळाडू पारखताना: आधी तो उतरणार आहे का ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझ्या मास्टर्सचे दिवस आठवले. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या डेटा विभागात तुम्ही स्टुडंट असिस्टंट म्हणून लागलात, आजवर पाहिलं ते क्रिकेट, आणि कोचने सांगितलंय की ऑगस्टचा कॅम्प सुरू व्हायच्या आत पंधरा मुख्य खेळाडूंचा आढावा द्या. आकडे ढीगभर, पण एकाच खेळाडूला एक साइट म्हणते भारी, दुसरी म्हणते बरा. आणि दुसऱ्या विद्यापीठातून आलेले दोन ट्रान्सफर खेळाडू खेळायला पात्र आहेत का विचारलं की ऑफिसातून "प्रक्रियेत आहे" एवढंच उत्तर. हे शेवटचं वाचून गप्प बसवेना.

डाउन (चेंडू पुढे न्यायचा एकेक प्रयत्न), यार्ड, कोण कुठल्या जागेवर खेळतो, पीएफएफचे (खेळाडूंना गुण देणाऱ्या साइटचे) ग्रेड कुठे मिळतात हे तुम्हाला एव्हाना येत असणार, ते सोडून देते. आधीच सांगते, मी आता या क्षेत्रात नाही आणि पात्रतेचे नियम सारखे बदलत असतात. खाली जे आकडे देतेय ते तुमच्याकडच्या ताज्या नियमपुस्तकाशी ताडून घ्या.

तुमच्या तक्त्यात पहिला रकाना मागच्या वर्षीच्या टचडाउनचा (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेल्या गुणांचा) आहे. माझ्या मते पहिला रकाना एकच असू शकतो: हा मुलगा पहिल्या सामन्यात मैदानात उतरू शकतो का? हो, नाही किंवा अजून ठरायचंय. त्याच्या शेजारी, हे कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

का, ते सांगते. माझ्या मास्टर्सच्या वेळी आमच्याकडे एका जानेवारीत पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) एक लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा राखणदार, आला. तीन वर्षं दुसऱ्या विद्यापीठात काढलेला, पाय हलके, हात लांब. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) उजव्या हाताचा, म्हणजे त्याच्या पाठीमागची बाजू या मुलाने राखायची. स्प्रिंगच्या सरावापासून सगळी ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला राखणारी फळी) त्याच्याभोवती बसवली. नियम असा की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूची पदवी 40 टक्के पुरी झालेली हवी, चौथ्याच्या सुरुवातीला 60 आणि पाचव्याच्या 80. म्हणजे 120 क्रेडिटची (अभ्यासाच्या गुणांकांची) पदवी असेल तर चौथ्या वर्षात आलेल्या याला 72 लागणार. त्याच्याकडे कागदावर त्याहून जास्त होती. पण मोजली जातात ती फक्त नव्या विद्यापीठात निवडलेल्या पदवीला लागू पडणारी. इथेच सगळं अडलं.

क्रेडिटचं मूल्यमापन करणारं ऑफिस एक आणि पात्रतेवर सही करणारं दुसरं. पहिलं म्हणायचं, दुसऱ्यांकडून फॉर्म आलेला नाही. दुसरं म्हणायचं, पहिल्यांचं होऊ दे, मग आम्ही बघू. दोन्ही एकाच कॅम्पसवर, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर. जून गेला, जुलै गेला. आम्ही विचारलं की ऑनलाइन विनंतीवर तेच हिरवं वर्तुळ आणि तेच शब्द: प्रक्रियेत आहे. कॅम्पमध्ये त्याला सराव करू देत होते, त्यामुळे कोचनाही वाटलं, होईल काम. पहिल्या सामन्याच्या आठवड्यात कळलं की त्याचे आधीच्या विद्यापीठातले दोन विषय इलेक्टिव्ह म्हणून घेतलेत, मुख्य विषयात धरलेले नाहीत, म्हणून तो कमी पडतोय. हे त्यांच्या संगणकात जूनपासून नोंदलेलं होतं. जूनमध्ये एक ओळ लिहिली असती तर त्या विषयांचा अभ्यासक्रम विभागप्रमुखांना दाखवून ते मुख्य विषयात धरून घेता आले असते. तेही झालं नसतं तर उन्हाळी सत्रात एखादा विषय घेता आला असता. एका ओळीचं काम होतं, आणि ती ओळ कोणी लिहिली नाही.

मग उजव्या बाजूचा टॅकल डावीकडे आणला. ज्यांना वाटतं की डावं काय नि उजवं काय, त्यांनी त्या सामन्याची फिल्म बघायला हवी होती. उजवीकडे खेळणाऱ्याचा पहिला पाय मागे जातो तो उजवा, डावीकडे नेमका डावा. वर्षानुवर्षांची सवय चार दिवसांत उलटी होत नाही. तिसऱ्या डाउनला स्नॅप झाला (चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला गेला), त्याचा डावा पाय जेमतेम अर्धं पाऊल उशिरा हलला, समोरचा एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) त्याच्या बाहेरच्या खांद्यावरून वळसा घालून गेला आणि क्वार्टरबॅकचा हात मागे असतानाच येऊन धडकला. चेंडू सुटला. सोमवारी कोचने ते अर्धं पाऊल पुन्हा पुन्हा मागे नेऊन दाखवलं. ज्याच्यासाठी ही सगळी बांधणी होती तो मुलगा मागच्या रांगेत बसून वहीत टिपणं घेत होता. पुढे तेच दोन विषय विभागाने मान्य केले, तोवर सीझनचं काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या मुलाची कोणी साधी माफीही मागितली नाही. एवढी वर्षं झाली तरी मला त्याचा राग आहे, आणि लपवायचं कारण दिसत नाही.

त्यामुळे आता लगेच एक करा. पात्रतेच्या ऑफिसला मेल पाठवत बसू नका. फुटबॉल टीमला ॲथलेटिक्स विभागाकडून नेमलेला शैक्षणिक सल्लागार असतो, त्याला भेटा. कोणाची क्रेडिट कुठे अडकलीत हे त्याला सगळ्यात आधी कळतं. तुम्ही स्टुडंट असिस्टंट आहात, तुम्हाला मार्क दाखवणार नाहीत आणि तुम्ही मागूही नका. फक्त "उतरू शकतो का" एवढंच विचारा, आणि तेही तुमच्या वरिष्ठांमार्फत. नुसत्या ट्रान्सफर मुलांचं नाही, जुन्यांचंही विचारा. फुटबॉलवाल्यांना फॉल (ऑगस्ट ते डिसेंबरच्या) सत्रात 9 क्रेडिट मिळवावी लागतात. ती हुकली की पुढच्या सीझनचे पहिले चार सामने जाऊ शकतात, आणि हे मागच्या डिसेंबरमध्येच ठरून गेलेलं असतं.

आता आकड्यांकडे. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या: क्वार्टरबॅकचा आढावा लाइनच्या आढाव्याशिवाय लिहूच नये. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? क्वार्टरबॅक जो बरोचं घ्या. ओहायो स्टेट विद्यापीठातून एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) आला, 2018 मध्ये 57.8 टक्के पास पूर्ण, 16 टचडाउन. त्या आकड्यांवरून 2019 च्या उन्हाळ्यात कोणीही "ठीकठाक" असंच लिहिलं असतं. 2019 मध्ये 76.3 टक्के, 5,671 यार्ड, 60 टचडाउन, हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) आणि राष्ट्रीय विजेतेपद. मुलगा तोच. पासिंगची आखणी करायला जो ब्रेडी आला, जामार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर (पास झेलणारे) बहरले, आणि त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम लाइनचा जो मूर पुरस्कार एलएसयूच्याच लाइनला मिळाला. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाचंही तसंच. कॅलिफोर्नियाकडून खेळताना बिचारा सारखा आडवा व्हायचा. 2025 मध्ये इंडियानाला गेला, हाइझमन जिंकला आणि टीम 16-0 (16 विजय, एकही हार नाही) राहून विजेती झाली. इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी मुलं निवडताना काय बघतात तेही लक्षात घ्या. शाळेत असताना भरतीच्या साइटकडून किती स्टार मिळाले होते यापेक्षा कॉलेजच्या मैदानावर प्रत्यक्ष किती खेळून दाखवलं, याला ते जास्त वजन देतात. मला हे शंभर टक्के पटतं.

उलटी बाजूही बघा. फ्लोरिडा स्टेट 2023 मध्ये 13-0, तरी प्लेऑफबाहेर ठेवले गेले. त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडलेला होता. 2024 च्या सीझनच्या सुरुवातीला एपी (पत्रकारांच्या मतांवरून ठरणाऱ्या) क्रमवारीत 10 वे. जॅरेड वर्स, किऑन कोलमन असे बिनीचे खेळाडू एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेले होते, त्यांच्या जागा पोर्टलमधून भरल्या होत्या, आणि सगळे म्हणत होते की नावं तर मोठी आहेत. टीम 2-10 वर संपली. टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगच्या बाबतीत 2025 च्या उन्हाळ्यात काय काय लिहिलं गेलं ते आठवा. त्याआधीच्या वर्षी त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त दोन होते. टेक्सासला सीझनआधीच्या क्रमवारीत पहिला क्रमांक मिळाला आणि 30 ऑगस्टला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटकडून ते 14-7 हरले. तो वाईट खेळाडू आहे असं मी म्हणत नाही. दोन सामन्यांवर जेवढं लिहिता येतं तेवढंच लिहावं, एवढंच म्हणते.

म्हणून एकूण यार्ड आणि टचडाउन तळाशी ढकला. सप्टेंबरमध्ये खालच्या विभागातल्या टीमविरुद्ध कमावलेले आकडे आणि सामना निकालात निघाल्यावर चौथ्या क्वार्टरमध्ये आलेले आकडे काढून टाका, मग काय उरतं ते बघा. क्वार्टरबॅकसाठी मी दडपणाखाली तो काय करतो हे बघायचे, आणि दडपण आल्यावर किती वेळा सॅक होतो (पास टाकायच्या आत पाडला जातो). हा दुसरा आकडा बराचसा क्वार्टरबॅकबरोबरच जातो, टीम बदलली तरी. रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी) पहिला धक्का बसल्यानंतरचे यार्ड. कॉर्नरबॅकसाठी (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूसाठी) इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच झेलणं) अजिबात नको, त्याच्या दिशेने किती वेळा पास टाकला गेला ते बघा. ज्याच्याकडे कोणी चेंडू टाकतच नाही तो आकड्यांत कोरा दिसतो, पण तोच बहुतेक वेळा सगळ्यात चांगला असतो. लाइनमनसाठी आकड्यांवर विसंबूच नका, फिल्म बघा आणि फक्त पाय बघा.

स्प्रिंग गेमवरून (स्प्रिंग सरावाअखेरच्या, टीमच्या आपसातल्या सामन्यावरून) फार निष्कर्ष काढू नका. तिथे क्वार्टरबॅकला हात लावायचा नसतो, आणि 2025 मध्ये नेब्रास्कासकट बऱ्याच जणांनी तर तो नेहमीचा सामनाच बंद केला. आपली मुलं टीव्हीवर दाखवली की दुसरे येऊन पळवतील, ही भीती नेब्रास्काचे कोच मॅट रूल उघड बोलून दाखवत होते. आता पोर्टल वर्षातून एकदाच, जानेवारीत उघडत असल्याने ती भीती थोडी कमी व्हावी.

दुखापतींबाबत फार जपून. विद्यापीठांच्या लीगपैकी बिग टेनने 2023 पासून आणि एसईसीने 2024 पासून सामन्याआधी उपलब्धतेचा अहवाल जाहीर करायला सुरुवात केली, पण ऑगस्टमध्ये बाहेर काहीच येत नाही. तुम्हाला आत बसून जे कळेल ते आतच ठेवा. व्हॉट्सॲपच्या मराठी ग्रुपमध्ये मित्र सहज विचारतील, "अरे, तुमचा तो रिसीव्हर खेळतोय का?" उत्तर देऊ नका, अगदी अंगठासुद्धा नको. खेळांवर पैजा लावायला विभागात काम करणाऱ्यांना बंदी आहे, त्यात स्टुडंट असिस्टंट येतात, आणि आतली माहिती पुरवणं हाही तितकाच मोठा गुन्हा धरतात. बेटिंगचं ॲप फोनमध्ये असेल तर आज काढून टाका. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, आणि कॅम्प संपून वर्ग सुरू झाले की फुटबॉलवाले ते सहज विसरतात. तास तुम्ही स्वतः लिहून ठेवा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला एकदा विचारून घ्या, माझ्यावर विसंबू नका.

आढावा एका खेळाडूला अर्ध्या पानाच्या वर नेऊ नका, कोच वाचत नाहीत. "अजून ठरायचंय" असलेल्या प्रत्येक नावाखाली, तो नसेल तर कोण खेळणार आणि त्याला कॅम्पमध्ये त्या जागेवर किती स्नॅप मिळताहेत, हे लिहा. हे वाचून एखादा कोच वैतागेल. वैतागू दे. तुमच्या त्या दोन ट्रान्सफर मुलांपैकी कोणी लाइनमन असेल तर हे आजच लिहून द्या. खेळाडूंची आणि विद्यापीठाची नावं न देता फक्त जागा कळवल्यात तर त्या जागेसाठी फिल्ममध्ये नेमकं काय बघायचं ते सविस्तर लिहिते.