मलेशियात मुलांना सरकारी शाळेत घालावं का?

नवऱ्याची बदली तीन वर्षांसाठी क्वालालंपूरला, मुलगा तिसरीत, मुलगी सातवीत, आणि इंटरनॅशनलची फी बघून डोळे पांढरे झालेत, असं तुम्ही लिहिलंय. सातवीतल्या मुलीला सरकारी शाळेत घालू नका. कारण सांगते, याच गोष्टीवरून आमच्या घरात महाभारत झालंय.

माझं माहेर सांगलीचं, सासर क्वालालंपूरजवळच्या क्लांगचं, तमिळ. इथे सरकारी प्राथमिक शाळा मलाय, चिनी आणि तमिळ अशा तीन माध्यमांच्या. तमिळ शाळा मुळात रबराच्या मळ्यांवर मजुरांच्या पोरांसाठी निघाल्या, म्हणून अजून नाकं मुरडतात. त्यात आपली मराठी मंडळीही आली. नणंदेनं मुलाला चिनी शाळेत घातलं, गणित पक्कं होतं म्हणून. (होतं, ते नाकारत नाही.) आम्ही लेकीला तमिळ शाळेत घातलं, आजीशी तिच्या भाषेत भांडता यावं म्हणून.

सहावीपर्यंत ठीक. पुढे सरकारी माध्यमिक शाळेत सगळं मलायमध्ये, म्हणूनच तुमच्या मुलीला नको म्हणते. चिनी समाजाच्या खासगी माध्यमिक शाळा आहेत, पण त्यांचं राजकारण वेगळंच. 2017 च्या यूपीएसआर परीक्षेत, म्हणजे सहावीच्या शेवटच्या सार्वजनिक परीक्षेत, लेकीला मलायमध्ये लागणारी श्रेणी मिळाली नाही, म्हणून फॉर्म एकच्या (माध्यमिकचं पहिलं वर्ष) आधी एक वर्ष 'पेरालिहान' वर्गात, म्हणजे मलाय पक्की करायच्या वर्गात, बसावं लागलं. नणंद फोनवर म्हणाली, "पोरीचं वर्ष वाया घालवलंस." सासूबाईंनी तिचीच री ओढली.

वाया? दुपारच्या पाळीचा वर्ग, अर्धी पोरं चिनी शाळेतली, अर्धी तमिळ. एकमेकांशी बोलायला मोडकीतोडकी मलाय सोडून दुसरं काहीच नाही. शेजारच्या बाकावरची चिनी मुलगी हिला गणित सोडवून द्यायची, हिनं त्या बदल्यात कॅन्टीनमधला नासी लमाक आणायचा, आणि मिरचीच्या सांबलवरून रोजचं भांडण मलायमध्ये. घरी फ्रिजवर मलाय म्हणींच्या चिठ्ठ्या, कारण निबंधात त्यांचे गुण मिळतात. वर्ष संपता संपता ती रिक्षावाल्यासारखी फाडफाड बोलायला लागली. भाच्याला मात्र ट्यूशन लावून थेट फॉर्म एकमध्ये ढकललं, आणि मलायमधल्या इतिहासाच्या पुस्तकापुढे तो महिनोनमहिने ढिम्म. फॉर्म पाचच्या एसपीएममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या सार्वजनिक परीक्षेत, मलाय आणि इतिहास दोन्हींत पास व्हावंच लागतं, नाहीतर प्रमाणपत्र नाही. नणंदेला हे माहीत नव्हतं असं नाही, पण लोक काय म्हणतील हा विषय तिला त्याहून मोठा.

ती यूपीएसआर 2021 मध्ये बंद केली, फॉर्म तीनची पीटी3 परीक्षा सुद्धा 2022 मध्ये गेली. म्हणजे तेव्हा एसपीएमपर्यंत मोठी सार्वजनिक परीक्षाच उरली नाही, मूल कच्चं आहे हे पालकांनाच ओळखावं लागतं.

हां, आमची लेक इथली नागरिक आहे, तुमची मुलं नसणार. परदेशी मुलांना सरकारी शाळेसाठी परवानगी काढावी लागते, फी भरावी लागते, आणि जागा असेल तरच. धाकट्याला मलाय माध्यमाच्या शाळेत चालेल, त्या वयात भाषा पटकन चिकटते. पण तीन वर्षांनी भारतात परतायचं नक्की असेल तर दोघांनाही सीबीएसईच्या शाळेत घाला, क्वालालंपूरमध्ये मिळते. आणि कुणी नातेवाईक चिनी शाळेच्या गणिताचं कौतुक करायला आला, तर त्याच्या पोराला आधी इतिहासात किती मिळाले ते विचारा.