बाईंना विचारा : दहाव्या नंबरला कोण?

या वेळच्या टपालात अमेरिकन फुटबॉलवरची पत्रं बरीच आली. आपल्या सीमाभागातली पोरं तिकडे नोकरीला गेली, आता त्यांचे भाचे-पुतणे इथे बसून तिथल्या संघांची काळजी वाहतात. मी जन्मभर हायस्कूलला गणित शिकवलं. पण जावई शिकागोचा पक्का भक्त असल्यामुळे हा खेळ घरात शिरला तो शिरलाच. तेव्हा उत्तरं देते, पण गणिताच्या बाईसारखीच देणार.

प्रश्न : बाई, मी तिसऱ्या रेल्वे गेटजवळ राहतो, डिप्लोमा करतोय. मामा शिकागोला असतो म्हणून आमचा संघ शिकागो बेअर्स. ड्राफ्टमध्ये बेअर्स कोणाला घेणार यावर आमची पैज असते, हरणाऱ्याने कुंदा द्यायचा. २०२५ ला बेअर्सचा नंबर दहावा होता. मी ॲश्टन जेन्टीचं नाव सांगितलं, तो सहाव्यालाच गेला. आणि बेअर्सनी घेतला कोण, तर कोल्स्टन लव्हलँड! त्या जागेवर कोल केमेट आधीच होता की! मामा अजून चिडवूलालाय. अंदाज बरोबर यायला काही पद्धत आहे का?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडं. आयपीएलमध्ये लिलाव असतो, ज्याच्या खिशात पैसा तो बोली वाढवतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. संघ ३२, फेऱ्या सात. गेल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्याची पाळी पहिली, विजेत्याची शेवटची. कॉलेजातून आलेल्या खेळाडूंमधून आपल्या पाळीला एक नाव घ्यायचं. गल्लीत दोन कॅप्टन पोरं वाटून घेतात तसंच, फरक इतकाच की इथे पाळी दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून काहीतरी घेता येतं.

आता तुझ्याकडे येते. तू एकच नाव धरून बसलास, तिथेच सगळं बिघडलं. दहाव्या नंबरच्या संघाला एक नाव ठरवून बसताच येत नाही, कारण पुढे नऊजण ताटं घेऊन उभे आहेत. बरं, त्या नऊजणांचा अंदाज बांधत दहाव्यापर्यंत यावं म्हटलं, तर प्रत्येक अंदाज बरोबर येण्याची शक्यता निम्मी धरली (हे फार उदार झालं) तरी नऊच्या नऊ बरोबर यायची शक्यता ५१२ मध्ये एक. तू डिप्लोमावाला आहेस, दोनाचा नववा घात स्वतः करून बघ.

म्हणून उलट बाजूने ये. नंबर दहावा असेल तर दहा नावांची यादी कर. पुढचे नऊ संघ तुझ्या यादीतली जास्तीत जास्त नऊच नावं खोडू शकतात. एक तरी उरतंच, त्याला पर्यायच नाही. संघांचे लोकही हेच करतात. ते याला बोर्ड म्हणतात. आपापल्या पसंतीने नावं लावून ठेवायची, बाहेर एकेक नाव पुकारलं गेलं की खोडायचं, आणि पाळी आली की उरलेल्यांतलं वरचं उचलायचं. मग तुझ्यापुढे एकच काम राहतं, ती दहा नावं लावायची कशी. आणि ती तुझ्या आवडीने नाही, बेअर्सच्या आवडीने लावायची. पोरं नेमकी इथेच घसरतात. टीव्हीवर ज्याची धाव बघितली तो वर चढतो.

२०२५ चंच घेऊ. आदल्या हंगामात बेअर्सच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या केलेब विल्यम्सला, ६८ वेळा चेंडूसकट पाडलं होतं. हे बघून कोणीही म्हणेल, पुढे उभे राहून त्याला वाचवणारे भिडू आणा. बरोबर. पण मार्चमध्ये काय झालं ते बघितलंस का? त्यांनी कॅन्सस सिटीकडून जो थुनी आणला, लॉस एंजेलिस रॅम्सकडून जोना जॅक्सन आणला आणि ड्रू डालमनशी करार केला. म्हणजे वाचवणाऱ्या ओळीतल्या मधल्या तीन जागांचं सामान मार्चमध्येच घरात आलं. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या तोंडावर संघ काय बोलतात ते सोड, त्या महिन्यात सगळेच थापा मारतात. मार्चमध्ये पैसा कुठे खर्च केला ते बघ. पैसा खोटं बोलायचा म्हटला तर फार महाग पडतं.

दुसरी खूण होती नवा प्रशिक्षक. जानेवारीत बेन जॉन्सन आला, डेट्रॉइटहून. तिथे तो आक्रमणाची आखणी करायचा. तिथे सॅम लापोर्टा नावाचा टाइट एंड २०२३ ला दुसऱ्या फेरीत घेतला होता आणि त्याने पहिल्याच वर्षी ८६ झेल घेतले. टाइट एंड म्हणजे ओळीत उभा राहून समोरच्याला अडवणारा, आणि संधी मिळाली की सुटून झेल घेणारा. असा माणूस हाताशी असला की काय करता येतं हे ज्याने बघितलंय, त्याला तो पुन्हा हवासा वाटणार. लव्हलँड आणि केमेट दोघेही टाइट एंडच. केमेट आहे म्हणून दुसरा नको, हा हिशेब तुझा होता. जॉन्सनचा नव्हता.

आता खोडायला घे. वॉर्ड, हंटर, कार्टर, कॅम्पबेल, ग्रॅहम, जेन्टी, मेम्बू, मॅकमिलन, बँक्स. नऊ गेले. त्यातले कॅम्पबेल, मेम्बू आणि बँक्स हे तिघे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या ओळीतले, म्हणजे तो कप्पा वरून रिकामा झाला. तुझ्या यादीत लव्हलँड पाचवा-सहावा जरी असता तरी दहाव्याला तो वर आला असता. हेही सांगते की तेव्हा बरेच जाणकार टाइट एंडमध्ये टायलर वॉरनला लव्हलँडच्या वर ठेवत होते आणि तो उरलेलाच होता. पुढे चौदाव्याला इंडियानापोलिसने उचलला. जागा ओळखून माणूस हुकणं शक्य होतं. तेवढ्यापुरता मामाला अर्धा कुंदा द्यायला हरकत नाही.

राहिली पाळीची देवाणघेवाण. डॅलसच्या संघाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक तक्ता केला. पहिल्या पाळीला ३००० गुण, दुसरीला २६००, दहावीला १३००, बत्तिसावीला ५९०. म्हणजे दहावी देऊन पहिली मागायची तर वर आणखी १७०० गुणांचा माल मोजावा लागतो. आता वेगवेगळे तक्ते निघालेत, पण तोंडी हिशेबाला हा पुरतो. संघाकडे मोजायला फाजील पाळ्या आहेत का ते आधी बघ. नसतील तर ‘वर सरकणार’ या बातमीला फार भाव देऊ नकोस.

आणि मामा फारच चिडवत असेल तर त्याला २०१७ विचार. बेअर्सनी तिसऱ्यावरून फक्त एक घर वर सरकण्यासाठी जादा पाळ्या मोजल्या आणि दुसऱ्या नंबरला मिचेल ट्रुबिस्की घेतला. पुढे फार मोठा क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक माहोम्स उरला होता. त्याला कॅन्सस सिटीने सत्तावीसवरून वर येऊन उचललं, तेही कितव्या नंबरला? दहाव्या. मामा गप्प बसेल.

प्रश्न : संघ गरज बघतात की गुण? आमच्या गावच्या कबड्डी संघात यावरून दरवर्षी भांडण होतं.
– एक खेळाडू, खानापूर

उत्तर : सगळे म्हणतात गुण बघतो आणि बघतात गरज. आरसीबीवाल्यांना हे सांगायला नको. २००८ ला आयपीएलच्या पहिल्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या पोरांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर असे फलंदाज होते, म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. दिल्लीचाच पोरगा विराट कोहली बंगळुरूला आला. गरजेचा विचार अगदी शहाणपणाचा होता!

उलटंही होतं. २०२४ च्या मार्चमध्ये अटलांटाने कर्क कझिन्सशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. म्हणजे क्वार्टरबॅकची जागा भरली, सगळ्यांनी तिथे फुली मारली. एप्रिलमध्ये आठव्या नंबरला त्यांनी घेतला मायकेल पेनिक्स, क्वार्टरबॅकच. त्या रात्री भल्याभल्यांच्या याद्या फाटल्या. तेव्हा वरच्या पत्रात मी मार्चच्या खर्चाकडे बघ म्हटलं ते बाकी सगळ्या जागांना लागू धर. या एका जागेसाठी संघ कधी काय करतील याचा नेम नाही. तुमच्या कबड्डीत चढाईपटूचं असंच असणार, होय की नाही?

प्रश्न : बाई, माझा मुलगा पीयूसीला आहे. एरवी सातशिवाय उठत नाही. या ड्राफ्टच्या दिवशी मात्र पहाटे साडेपाचला मोबाईल घेऊन बसतो, वहीत नावं खोडतो. हा सट्टा तर नव्हे?
– एक आई, निपाणी

उत्तर : ताई, वेळेचं कारण साधं आहे. त्यांचे गुरुवारचे रात्रीचे आठ म्हणजे आपले शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच. २०२५ पर्यंत पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दहा मिनिटांची मुदत होती आणि नावं ३२. पुरी दहा मिनिटं कोणी घेत नाही, तरी नऊपर्यंत चालतं. पुढच्या फेऱ्या आणखी दोन दिवस. वर्षातून तीनच दिवस आहेत, चहा करून द्या.

वही मात्र एकदा उघडून बघा. नावापुढे कारण लिहिलं असेल, ‘या जागेवरच्याचा करार संपतोय’, ‘गुडघा दुखावलाय’, तर पोरगा डोकं चालवतोय. नावापुढे भाव लिहिला असेल तर मोबाईल काढून घ्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदाच केलाय, तेव्हा त्यात ‘कौशल्य’ वगैरे भाषा त्याला करू देऊ नका.

प्रश्न : तज्ज्ञ वर्षभर याद्या करतात आणि तरी चुकतात. मग त्यांना पगार कशाचा?
– एक निवृत्त वाचक, शहापूर

उत्तर : चुकतात हे खरं. २०२५ ला क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स पहिल्या फेरीत जाणार असं कितीतरी याद्यांत होतं. गेला पाचव्या फेरीत, १४४ वा. तोही क्लीव्हलँडकडे, ज्यांनी तिसऱ्या फेरीत एक क्वार्टरबॅक आधीच घेतला होता! पण याद्यावाले चुकतात तसे घेणारेही चुकतात, आणि ते करोडो डॉलर मोजून चुकतात. पुढे दिग्गज ठरलेला टॉम ब्रेडी १९९ वा गेला. ब्रॉक पर्डी २०२२ ला अगदी शेवटचा, २६२ वा. दोन हंगामांत सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, मैदानात उभा होता. आणि १९३६ च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमधलं पहिलं नाव, जे बर्वांगर, या लीगमध्ये एकही सामना खेळलं नाही.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी याचा हिशेब मांडला. थेलर म्हणजे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला दुसऱ्यापेक्षा सरस ठरतो तो शंभरात साधारण बावन्न वेळा. नाणं उडवलं तर पन्नास. बावन्नातल्या वरच्या दोनासाठी एवढा मोठा कारभार चालतो.

पण साहेब, एक भेद धरा. खेळाडू पुढे कसा निघेल हा एक अंदाज, आणि अमका संघ कोणाला घेईल हा दुसरा. पहिला मोठमोठ्यांना जमत नाही. दुसऱ्यात आपल्याला फक्त एका खोलीतल्या चार-पाच माणसांचा स्वभाव वाचायचा असतो. कोणाची नोकरी धोक्यात आहे, कोणाला पुढच्या वर्षीची घाई आहे, कोण आपल्या जुन्या संघातल्या सवयी घेऊन आलाय. शहापूरच्या कट्ट्यावर बसून महापालिकेचं तिकीट कोणाला मिळणार हे तुम्ही अचूक सांगता की नाही? तेच डोकं इथे लागतं. तिकीट मिळालेला पुढे काम कसं करेल, ते कुठे कोण सांगतं!

प्रश्न : उद्यमबागेत आम्ही सहा मित्र एका कारखान्यात आहोत. यंदा ड्राफ्टची स्पर्धा लावायची आहे. गुण कसे द्यावेत?
– सहा वाचकांच्या वतीने एक, बेळगाव

उत्तर : सगळ्या फेरीची स्पर्धा असेल तर नाव पहिल्या फेरीत आलं की एक गुण आणि नाव व संघ दोन्ही जुळले की दोन. त्यात कोणता नंबर बरोबर आला याला गुण देऊ नका. देवाणघेवाण झाली की नंबर सरकतात आणि उगाच वाद होतात.

एकाच संघाची असेल तर टिळकवाडीच्या पोराला सांगितलेली यादी वापरा. प्रत्येकाने गुरुवारी संध्याकाळी यादी बंद पाकिटात द्यायची. संघाची पाळी आली की गेलेली नावं खोडा. उरलेल्यांतलं पहिलं नाव निघालं तर तीन गुण, दुसरं निघालं तर दोन, तिसरं तर एक. यादी संघाची, नंबराची नव्हे; संघ दहावरून विसावर उतरला तरी तीच यादी चालू. म्हणून वीस नावं लिहा, दहावर थांबू नका. बरोबरी झाली तर नावापुढचं कारण वाचा आणि बाकीच्या चौघांनी मत द्यावं. कारण नंतर लिहिलेलं चालणार नाही, पाकिटात असलं पाहिजे.

हरणाऱ्याने कुंदा आणायचा असेल तर कोणत्या दुकानाचा हे आधी ठरवून घ्या. त्यावरून तुमच्यात जे भांडण होईल त्याला माझ्याकडे गुणपद्धत नाही.