वही टेबलाखाली राहिली

"मॅडम, पुढच्या वर्षी दहावी आहे आणि ह्याला शाळेनं विहिरी मोजायला लावलंय. आता तर शाळेतच जात नाही." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने सांगून टाकलं. मुलगा शेजारी खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला होता. चौदा वर्षांचा, उंची नुकतीच वाढलेली, शर्टाच्या बाह्या आखूड पडलेल्या.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनाला बसते. शाळेतल्या प्रकल्पांची काळजी घेऊन येणारी माणसं आता नेहमीची झाली आहेत. आईवडील विचारतात, प्रकल्पाच्या नादात अभ्यास बुडेल का? शिक्षक विचारतात, मुलांच्या हाती सगळं सोपवलं तर वर्ग हातचा जाईल का? या दोन्ही प्रश्नांनी मला एकाच मुलाच्या निमित्ताने गाठलं, म्हणून त्याची हकिगत सांगते. त्याची, आईची आणि त्याच्या शाळेतल्या बाईंची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिसेंबरपासून दर सोमवारी त्याचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मीही आधी परीक्षेची भीती असेल असं धरून चालले आणि पहिली भेट धड्यांच्या चौकशीत घालवली. त्याने सगळी उत्तरं दिली, एकदाही वर न बघता. दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "विहिरी कशासाठी मोजत होतास?" तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"आमच्या गल्लीतला आड संक्रांतीलाच आटतो. मारुतीच्या देवळामागची विहीर वैशाखातसुद्धा आटत नाही. मध्ये दोनशे पावलं पण नाहीत. मग असं का?"

हा प्रश्न त्याने आषाढात वर्गात विचारला होता. बाईंनी तेव्हा फार मोलाची गोष्ट केली: उत्तर दिलं नाही. "शोधा तुम्हीच," म्हणाल्या. सहा मुलं पुढे आली. दोराला गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर शनिवारी अकरा विहिरींतली पाण्याची पातळी वहीत उतरू लागली. आधी हात आणि वीत, मग कुणीतरी गवंडीकाम करणाऱ्या काकांची टेप आणली. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की १९७२च्या दुष्काळात कुठल्या विहिरीला पाणी होतं. काळा पाषाण पाणी धरत नाही, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे ज्या विहिरीला चांगली भेग लागते तिला पाणी जास्त. हे तो मला टेबलावर दोन्ही हातांची बोटं गुंतवून समजावत होता.

मग त्याने माझ्याकडे कागद मागितला. देवळामागच्या विहिरीचा व्यास सहा मीटर. पातळी एक मीटर खाली गेली तर किती पाणी गेलं? वृत्तचितीचं घनफळ काढून त्याने आकडा लिहिला, २८,२६० लिटर. "टँकर दहा हजारचा धरला तर जवळजवळ तीन टँकर, मॅडम." गणितात कच्चा म्हणून त्याला शिकवणी लावली होती, असं आई आदल्याच भेटीत म्हणाली होती.

"मग मोजणं थांबलं का?"

"प्रदर्शन झालं," तो म्हणाला आणि पुन्हा चपलेकडे बघू लागला.

पुढचं थोडं थोडं करून कळलं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना बाईंनी मुलांचे कागद पाहिले आणि त्या घाबरल्या. मग फोमचं गाव, छोटी मोटर, निळं पाणी असं मॉडेल तयार झालं. काय बोलायचं तेही टाइप करून आलं, "आदरणीय परीक्षक महोदय"पासून. मुलांनी पाठ केलं. पाच महिन्यांची वही पिशवीत घालून टेबलाखाली ठेवली गेली, कारण तिच्यावर चिखलाचे डाग होते. परीक्षकांनी त्याला विचारलं, "हे कोणी केलं?" तो म्हणाला, "बाईंनी." खरं होतं तेच बोलला. नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात बाई म्हणाल्या, "तुझ्यामुळे शाळेची मान खाली गेली."

आठवडाभराने त्याने ती वही आणून दाखवली. प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारची नोंद आहे, पुढची पानं कोरी. ती कोरी पानं पाहून मला फार वाईट वाटलं. शाळेचा कंटाळा आलेल्या मुलाची ती वही नव्हती.

त्याला आणि आईला विचारून मी बाईंना फोन केला. त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आल्या. पहिलंच वाक्य होतं, "मी सगळं त्याच्यासाठीच केलं." आणि ते त्या मनापासून बोलत होत्या. मी बराच वेळ नुसतं ऐकलं. मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतात. गावातून कुणीतरी येऊन म्हणालं होतं, पोरं आमच्या विहिरींवर काय करतात. एखादं मूल तोल जाऊन पडलं तर, या धास्तीने शुक्रवारी रात्री त्यांना झोप लागत नव्हती. यातली एकही भीती खोटी नाही. मुलांना वर्गाबाहेर नेणारे शिक्षक हे ओझं एकटे वाहतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे.

शेवटी त्या म्हणाल्या, "आलेख वाकडा होता हो. अक्षर असं. परीक्षकांसमोर मुलांची लाज गेली असती." थोडं थांबून, "माझी गेली असती."

मी त्यांना कागदावर एक शिडी काढून दाखवली. अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. यांना ते सहभाग मानतच नाहीत. बाईंनी आपणहून दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. मला मात्र त्यांना वरचं टोक दाखवायचं होतं. सातव्या पायरीवर मुलंच सुरुवात करतात आणि मुलंच काम चालवतात. त्याच्याही वरची, आठवी पायरी, मुलांनी सुरू केलेल्या कामात मुलं आणि मोठे मिळून निर्णय घेतात ती. म्हणजे सगळ्यात वर मोठं माणूस आहेच. सगळं आपण करायचं किंवा सगळं मुलांवर टाकायचं, असे दोनच रस्ते बाईंना दिसत होते. आषाढात "शोधा तुम्हीच" म्हणून त्या मुलांसोबत विहिरीवर गेल्या, तेव्हा त्या वरच्या टोकाला उभ्या होत्या. भीतीने आठ दिवसांत खाली आणलं.

"पण हे सगळं नवीन फॅड आहे असं शाळेत म्हणतात," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हे नवीन नाही. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी हाताने काम करत शिकण्याची नई तालीमची कल्पना मांडली होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाला लागणारी कामं करत मुलं शिकू लागली. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून १० ते १७ वयाच्या मुलांना आपल्या परिसरातलाच प्रश्न शोधायला सांगते. नववीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे, तो तर त्या स्वतःच शिकवत होत्या. हे मुख्याध्यापकांना सांगायला त्यांच्या कामी आलं, असं नंतर कळलं.

मग आम्ही एका कागदावर दोन रकाने केले. सुरक्षितता बाईंची, त्यात चर्चा नाही: कमरेएवढा कठडा असेल त्याच विहिरी, सोबत एक मोठं माणूस, आणि कुणी वाकायचं नाही. विहीरमालकांशी आणि ग्रामसेवकांशी बोलून ठेवणं बाईंचं. वेळही ठरलेला, आठवड्याला दोन तास आणि शनिवारचा एक तास; बाकी बंद. प्रश्न कोणता, काय मोजायचं, कसं लिहायचं, कोण बोलणार, हे मुलांचं. आणि मुलांच्या पानावर आपली पेन्सिल लावायची नाही. आलेख वाकडा वाटला तर विचारायचं, "हा बिंदू इथे कसा आला?"

महिनाभराने त्यांनी खरंच विचारलं. ज्या शनिवारी पातळी एकदम खाली दिसत होती, त्या सकाळी शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती. प्रदर्शनाच्या वेळी त्यांनी सरळ करून घेतला होता तो हाच बिंदू.

आईची काळजी मात्र वेगळ्या वाटेने सुटली, पूर्ण नाही, पण बरीच. तिसऱ्या भेटीत मी मुलाला म्हटलं, वहीत काय आहे ते आईला सांग. तो सांगत गेला; ती पदर सावरत ऐकत होती. भेगांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "अरे, पण देवळामागच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून तिथलं पाणी कुणी बाई भरत नाही. उपसाच नाही तर आटेल कसं?"

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्याने गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या पुरुषांना विचारलं होतं. रोज पाणी भरणाऱ्या आईला विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती मऊ होत नाही. पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे हा जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. मुलांनी पुढे पाणी तपासून घेतलं. वहीत मात्र त्या आधीच एक नवा रकाना आला होता, "डाळ", आणि तो भरायला मुलांच्या घरांतल्या आया लागल्या. भेग की उपसा, याचं उत्तर मुलांना अजून पुरतं मिळालेलं नाही. दोन्ही असावं, असं त्यांचं मत आहे.

आईने त्या दिवशी मला विचारलं, "पण दहावीचं?" तिला सांगितलं तेच इथे सांगते. होय, प्रकल्प वेळ खातो. वेळेला कुंपण घाला. प्रकल्प तोडू नका. रात्री जागून वही सजवत असेल तर थांबवा, ती सजावट बहुधा कुणा मोठ्या माणसासाठीच असते. मुलगा घरी येऊन तुम्हाला प्रश्न विचारत असेल, तर तो अभ्यासच करतोय. आणि पोट दुखू लागलं, शाळा नकोशी झाली, तर "प्रकल्पामुळे बिघडला" म्हणण्याआधी त्याच्या हातून काय काढून घेतलं गेलं ते बघा.

बाईंनी सहा मुलांसमोर त्याला सांगितलं, "वही तुझी होती. ती मी टेबलाखाली ठेवली. चुकलं माझं." तो काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी पोट पुन्हा दुखलं, मंगळवारी तो शाळेत गेला. दोर हातात घ्यायला आणखी तीन आठवडे लागले. सहातली दोन मुलं गटात परत आलीच नाहीत. बाईंना त्याचं अजून वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी घालवायचा प्रयत्न केला नाही.

नववीला तो बऱ्या गुणांनी पुढे गेला, इंग्रजी तेवढं मागे राहिलं. दहावीच्या वर्षी दिवाळीपर्यंत शनिवारचा एक तास चालू ठेवला. मग आईच्या आणि बाईंच्या सल्ल्याने, पण स्वतः ठरवून, त्याने मोजणी आठवीतल्या दोन मुलींकडे दिली. दोराच्या गाठी कशा मारायच्या ते शिकवायला दोन शनिवार गेले. वही देण्याआधी ती मला दाखवायला आला होता. पहिल्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: "कठड्यावर वाकायचं नाही. मोटर चालू आहे का बघायचं. घरी आईला विचारायचं."