फंगल अ‍ॅक्ने आणि चुरचुरणारा चेहरा: आधी काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की कपाळावर एकसारखे बारीक, खाजरे फोड आहेत आणि साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरतो. मग आधी त्वचा शांत होऊ द्या. स्क्रब आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल असलेली मुरुमांची क्रीम-सीरम दोन-तीन आठवडे पूर्ण बंद. सौम्य फेसवॉश दिवसातून एकदाच, आणि सकाळी नुसतं पाणी.

खरी अडचण मॉइश्चरायझरची असते. हे फोड, म्हणजेच फंगल अ‍ॅक्ने, मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे (एक प्रकारची बुरशी) येतात आणि ते तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवर पोसतं. म्हणून खोबरेल, बदाम, ऑलिव्ह तेल चेहऱ्याला नको, आजीने कितीही आग्रह केला तरी. ग्लिसरीन, स्क्वालेन, पेट्रोलियम जेली चालतं; तोंड ओलसर असतानाच पातळ थर लावा.

चुरचुर थांबली की केटोकोनाझोल २%, म्हणजे बुरशीवरचं औषध. ते शाम्पू आणि क्रीम अशा दोन्ही रूपांत मिळतं. शाम्पूतला फेस त्वचा कोरडी करतो, म्हणून अशा चेहऱ्याला मला क्रीम बरं वाटतं. पण ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच सुरू करा. कधीकधी गोळ्याही लागतात. आणि कळकळीने सांगते, मेडिकलवाला देतो ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब नको. खाज दोन दिवसांत थांबते, पण फोड नंतर जास्त उसळतात.