खाडीत आलेली परकी शिंपली : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : जेटीच्या खांबांवर शिणाण्यांसारखी (म्हणजे आपल्याकडच्या खाण्याच्या हिरव्या शिंपल्यांसारखी) बारीक, काळपट शिंपली दाटली आहे. परकी आहे हे कसे ओळखावे?

रंगावर जाऊ नका. दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि केरळच्या अष्टमुडी कायलात (खाऱ्या पाण्याच्या सरोवरात) पसरलेली मायटेला ही शिंपली काळी, तपकिरी, हिरवट, अगदी नारिंगीसुद्धा असते. दुसरी संशयित मायटिलॉप्सिस सॅलेई. कॅरिबियन भागातली ही जात १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडली, नंतर मुंबईच्या नौदल गोदीतही. ती जेमतेम अडीच सेंटीमीटर वाढते. शिंपली उघडून टोकाशी आत बघा : आडवी छोटी फळी दिसली तर मायटिलॉप्सिस, शिणाण्यात आणि मायटेलात ती नसते. खात्रीसाठी पाच-सहा नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून तज्ज्ञांकडे द्या. फॉर्मलिन नको, त्यात डीएनए खराब होतो.

प्रश्न : बोटीचा तळ दरवर्षी खरवडतो, तरी पुन्हा भरतो. काय चुकते?

बहुधा दोन गोष्टी. पाण्यातच खरवडले की जिवंत शिंपली खाली पडून तिथेच तग धरतात. बोट ओढून घ्या, खाली ताडपत्री अंथरा, खरवड गोणीत भरून भरतीरेषेच्या वर पुरा. दुसरे म्हणजे शिंपली चिकटू न देणारा रंग न लागलेल्या जागा : टेकू लावलेले पट्टे, पंख्याचा दांडा, सुकाणूची फट, इंजिनाच्या पाण्याची जाळी. टेकू सरकवून ते पट्टे वेगळे रंगवा. मायटिलॉप्सिस महिनाभरात, आठ-दहा मिलिमीटरची असतानाच प्रजननक्षम होते. वर्षातून एकदाची सफाई तिला पुरत नाही. दोर-जाळी दुसऱ्या खाडीत नेण्याआधी पसरून कडक उन्हात वाळवा. ढीग करून ठेवलात तर आत ओल राहते आणि शिंपली जगतात.

प्रश्न : औषध टाकून खाडी साफ करता येईल का?

नाही. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ मध्ये मायटिलॉप्सिस संपवली. पण तिथल्या मरिनांना (बोटी लावायच्या बंदिस्त गोद्यांना) दरवाजे होते, पाणी कोंडता आले. त्यात ब्लीच आणि मोरचूद ओतले, तेव्हा आतली इतर जीवसृष्टीही मेली. आपल्या उघड्या खाडीत भरती-ओहोटीने औषध पातळ होईल आणि आधी कालवे, तिसऱ्या मरतील.

प्रश्न : मग खाऊनच संपवली तर?

गोदी-बंदरातली तर मुळीच खाऊ नका. शिंपली पाणी गाळून जड धातू साठवतात, ते शिजवून जात नाहीत. शिवाय बाजार तयार झाला की कोणीतरी जिवंत बीज दुसऱ्या खाडीत नेऊन सोडणारच.