दोन वह्या समोरासमोर ठेवा

(वाचकांच्या प्रश्नांना या अंकात उत्तरं देत आहेत आर्थिक गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले एक पोलीस निरीक्षक. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्याच इच्छेवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी लातूरला बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सायबर गुन्ह्यांच्या तपासात जायचं आहे. मित्र म्हणतात, कॉमर्सवाल्याचं तिथं काय काम, हॅकिंगचा कोर्स कर. क्लासवाले पन्नास हजार मागतात. भरू का?

उत्तर : पैसे खिशात ठेव. (अरे-तुरे करतोय, माझ्या धाकट्या पुतण्याच्या वयाचा आहेस म्हणून.)

कॉमर्सवाल्याचं काय काम म्हणे! १९८६ साली अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक आला. एवढ्याशा रकमेकडे कोणी बघत नाही, पण क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने ती सोडली नाही. मागोवा घेत घेत माग निघाला थेट जर्मनीत, रशियन गुप्तहेर खात्याला लष्करी माहिती विकणाऱ्या टोळीपर्यंत. सुरुवात कशात झाली? जमाखर्च जुळत नव्हता, त्यात.

आमच्या धंद्याचं सगळं गमक एवढंच आहे. एकाच व्यवहाराची नोंद दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या जागी झालेली असते. त्या दोन नोंदी शोधायच्या आणि समोरासमोर ठेवायच्या. हैदराबादच्या ‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचं घे. तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजूंचं कबुलीपत्र ७ जानेवारी २००९ ला बाहेर आलं. पुस्तकात बँकेतली शिल्लक दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. मुदतठेवींच्या पावत्या बनावट. इनव्हॉइसच्या प्रणालीत ‘सुपर युजर’ म्हणून शिरून साडेसात हजारांवर खोटी बिलं घातलेली, आणि ती इतर विभागांना दिसू नयेत अशी सोय केलेली. संगणकाची करामत होतीच, नाही कशाला म्हणू? पण कंपनीची वही एकीकडे आणि बँकेने थेट पाठवलेला शिल्लक-दाखला दुसरीकडे, असे दोन कागद कोणी शेजारी मांडले असते तर ही करामत एका दुपारीसुद्धा टिकली नसती. दाखला थेट बँकेकडून मागवायचा, कंपनीच्या माणसाच्या हातून आणवायचा नाही. मेख इथंच आहे.

पंजाब नॅशनल बँकेचं मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतलं नीरव मोदी प्रकरण २०१८ चं. तिथेही दोन वह्याच. परदेशी बँकांना हमीचे संदेश ‘स्विफ्ट’ या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेवरून जात होते आणि बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. आपल्या पुण्याच्या कॉसमॉस बँकेत त्याच वर्षी ११ ते १३ ऑगस्टला ९४ कोटींवर डल्ला पडला. ११ तारखेला दुसरा शनिवार, बँक बंद. मुहूर्त काढूनच आले होते. तिथे चोरांनी एटीएमच्या ‘स्विच’च्या (एटीएमची मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणाऱ्या यंत्रणेच्या) जागी स्वतःचा खोटा स्विच बसवला. कार्ड घातलं की खात्यात पैसे आहेत का हे मुख्य प्रणालीला विचारलंच जात नव्हतं, खोटा स्विचच ‘दे’ म्हणत होता. अठ्ठावीस देशांत एटीएममधून नोटा निघाल्या. काही रक्कम ‘स्विफ्ट’ने हाँगकाँगच्या एका खात्यात गेली.

आता गंमत बघ. एवढा जगभरचा, अति-तांत्रिक गुन्हा, आणि आपल्याकडचे आरोपी सापडले कशाने? एटीएमच्या कॅमेऱ्यातल्या चेहऱ्यांनी आणि मोबाइलच्या नोंदींनी. कोल्हापूरसारख्या ठिकाणी जाऊन, खोटी कार्डं घालून पैसे काढणारी पोरं ती. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. मालवेअर, म्हणजे आत शिरलेला चोरटा प्रोग्रॅम, कोणी लिहिला हा प्रश्न अवघड. नोट कोणी उचलली हा त्यामानाने सोपा. सोप्या टोकाकडून आत शिरायचं असतं.

तेव्हा तू आधी बँकेचं स्टेटमेंट वाचायला शीक. हसू नकोस. हजार पानांचं स्टेटमेंट समोर पडलं की चांगले चांगले गळपटतात. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवणं, पिव्होट (गोषवाऱ्याचा तक्ता) काढणं, वेळेप्रमाणे लावणं हे हाताला बसू दे. मग डेटाबेसला प्रश्न विचारण्याइतकं एस.क्यू.एल. कंपनी कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा मूळ वाच, गाइड नको. सी.ए. झालास तर इन्स्टिट्यूटचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा अभ्यासक्रम आहे; संगणकाच्या बाजूने जायचं तर गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आहे. खाकी हवी असेल तर एम.पी.एस.सी. दे, पण लक्षात ठेव, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्याचा अधिकारी करू शकत नाही. म्हणजे पहिली काही वर्षं साहेबांच्या हाताखाली कागद लावण्यात जातील. कागद लावणं हाच तपास आहे, एवढं पटलं असेल तर ये.

प्रश्न : इचलकरंजीत आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. आमच्या दिवाणजींवर संशय आहे. सुताच्या दोन-तीन पुरवठादारांना पैसे जातात, पण ते कोण आहेत हे कोणालाच ठाऊक नाही. दिवाणजी सध्या गावी गेले आहेत. पोरगा म्हणतो, त्यांचा कॉम्प्युटर उघडून सगळं काढू. काढावं का?

उत्तर : पोराचा हात आधी धरा.

बंद असलेला संगणक बंदच राहू द्या. नुसता चालू केला तरी आतल्या शेकडो फायलींच्या तारखा बदलतात, आणि उद्या समोरचा वकील विचारणार, ‘दिवाणजी गावी असताना यंत्र कोणी हाताळलं?’ चालू असेल तर पडद्याचा फोटो काढा आणि जाणकार येईपर्यंत खोलीला कुलूप लावा. जाणकार म्हणजे गल्लीतला रिपेअरिंगवाला नव्हे. एका व्यापाऱ्याकडे मी पोचण्याआधी असाच एक हुशार पोरगा ‘व्हायरस साफ करून’ गेला होता. व्हायरस गेले असतील, पुरावाही गेला.

जाणकार काय करतो? मूळ हार्ड डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही असं उपकरण मध्ये घालतो, डिस्कची हुबेहूब प्रत काढतो आणि मूळ व प्रत दोन्हींची ‘हॅश’ काढतो. हॅश म्हणजे त्या डिस्कच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एस.एच.ए.-२५६ पद्धतीत ती चौसष्ट अक्षरांची असते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी जवळजवळ सगळी अक्षरं बदलतात. पुढचं सगळं काम प्रतीवर. मूळ डिस्क सीलबंद, कोणाकडून कोणाकडे कधी गेली याच्या नोंदीसकट.

हे सोपस्कार कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर आपल्या जालन्यातच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावर वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण पुरावा म्हणून पुढे आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर नकलेसोबत, ती कशी काढली हे सांगणारा, कायद्याने सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली तो दाखला दोन भागांत द्यावा लागतो. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायची. दाखल्याशिवायच्या पेन ड्राइव्हला कोर्टात कोणी विचारत नाही.

आज रात्रीच करण्यासारखी दोन कामं मात्र आहेत. बँकेच्या खात्याचे पासवर्ड आणि ओ.टी.पी.चा नंबर दुसऱ्या संगणकावरून बदला. आणि सी.सी.टी.व्ही.ची साठवण जपून ठेवा. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, बहुतेक लोकांना हे फार उशिरा आठवतं.

आता कॉम्प्युटर विसरा आणि कागद काढा. संशयित पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक घ्या आणि पगारपत्रकातल्या खात्यांशी ताडून पाहा. घरच्यांची नावं, पत्ते, मोबाइल नंबरही. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच उघडी पडतात, कारण लबाडी करणाऱ्यालाही पैसे शेवटी स्वतःजवळच आणायचे असतात. जी.एस.टी. क्रमांक सरकारी पोर्टलवर टाका. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, पत्ता कुठला, सगळं दिसतं. मग बिलांचे अनुक्रमांक बघा. ऑगस्टचं बिल ४१, सप्टेंबरचं ४२, ऑक्टोबरचं ४३, असं असेल तर त्या व्यापाऱ्याला अख्ख्या जगात गिऱ्हाईक तुम्ही एकटेच! आणि तुमची सही जिथून लागते त्या रकमेच्या जरा खाली किती बिलं अडकलीत तेही मोजा.

सर्वांत खात्रीची वही मात्र तुमच्या फाटकावर आहे. वॉचमनची आवक वही, वजनकाट्याची पावती, मालवाहतुकीच्या ई-वे बिलावरचा गाडी नंबर. दिवाणजी टॅलीत काहीही लिहू शकतात, वॉचमनच्या अक्षरात लिहिणं अवघड. बिहारच्या चारा घोटाळ्यात ट्रकचे म्हणून दाखवलेले नंबर स्कूटरचे निघाले होते, ते असं ताडूनच. सूत आलं असेल तर कुठेतरी वजन झालं असेल, कोणीतरी हमाली घेतली असेल. हमालीची नोंद नाही आणि बिल मात्र आहे, तर फिर्याद लिहायला घ्या.

टॅलीतल्या नोंदी मागाहून बदलल्या का, हे ‘एडिट लॉग’मध्ये सापडतं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ती सोय बंद करता येत नाही. तुमची मालकी किंवा भागीदारी असेल तर ती सक्ती नाही, पण चालू असेल तर नशीब तुमचं.

पोराने बेन्फर्डचा नियम वाचला आहे असंही तुम्ही लिहिता. बरोबर आहे, खऱ्या हिशेबांत १ ने सुरू होणाऱ्या रकमा सुमारे तीस टक्के असतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहून कमी. पण ते हजारो नोंदींवर चालतं, आणि तिथेही फक्त ‘इकडे बघा’ एवढंच सांगतं. तीन पुरवठादारांसाठी तो उद्योग नको.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यात नवीन उपनिरीक्षक आहे. पहिल्यांदाच आर्थिक गुन्ह्यात मदतीला घेतलंय. शिकलेले आरोपी, वकील घेऊनच येतात. यांना बोलतं कसं करायचं?

उत्तर : बोलतं करायची घाई कशाला? पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, पूर्वी साक्षी पुराव्याच्या कायद्यातही नव्हती आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खालीही नाही. म्हणून आधी सगळं स्टेटमेंट पाठ करून बसायचं, मग बोलवायचं. आणि कंपनीच्या साहेबांना शेवटी बोलवायचं. पहिला ऑफिसचा शिपाई, मग कारकून, मग अकाउंटंट.

त्यांना गुन्ह्याबद्दल विचारूच नका. रोजचं काम विचारा. चेक कोण लिहितं, कुठे ठेवतात, सही कोण करतं, तो रजेवर असला तर कोण करतं? रजेचा प्रश्न मला फार आवडतो. हजेरीपट काढा आणि वर्षानुवर्षं रजा न घेणारा प्रामाणिक नोकर शोधा. गडबड करणाऱ्याला टेबल सोडता येत नाही, दुसरा माणूस बसला की भांडं फुटतं. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउसमध्ये नेमकं तेच झालं : जुना अधिकारी निवृत्त झाला, पार्टी नेहमीसारखी हमीपत्र मागायला आली, नव्या माणसाने रोख तारण मागितलं, आणि पार्टीवाले म्हणाले, ‘आम्हाला आजवर कधी लागलं नाही.’ त्याने जुन्या नोंदी काढायला घेतल्या. चौकशी अशी सुरू होते, टेबलावर हात आपटून नव्हे.

जबाब त्याच्याच शब्दांत उतरवा. कारकून ‘प्रस्तुत व्यवहार माझ्या निदर्शनास आला’ असं कधी बोलत नाही, तुमचा रायटर बोलतो. आणि झडतीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बी.एन.एस.एस.) कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं. मोबाइलची बॅटरी भरून न्या.

प्रश्न : आमच्या साताऱ्याकडच्या पतसंस्थेत ठेव आहे. अध्यक्ष म्हणतात, थकबाकी नाहीच, ताळेबंद बघा. विश्वास ठेवावा का?

उत्तर : थकबाकी अजिबात नाही, हेच मला खटकतं. गावात ‘नवं-जुनं’ कसं करतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक : नवीन कर्ज देऊन जुनं फिटलं दाखवायचं. कर्जफेडीची तारीख आणि नव्या कर्जाची तारीख एकच आहे का, एकाच पत्त्यावर किती कर्जदार आहेत, एवढं लेखापरीक्षकाला विचारा. पी.एम.सी. बँकेत २०१९ मध्ये एका बांधकाम गटाची बुडीत कर्जं झाकायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. पतसंस्थेला ठेव-विम्याचं पाच लाखांचं संरक्षणही नसतं. उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा, पोचपावती घ्या. ठेवी खरंच परत मिळेनाशा झाल्या तर १९९९ चा ठेवीदार हितसंबंध कायदा आहे, त्यात संचालकांच्या मालमत्तेवर टाच येते. मात्र एकट्याने जाऊ नका, ठेवीदार जमवून जा.

प्रश्न : रात्री अकराला ऑनलाइन फसलो तर सकाळी पोलीस ठाण्यात गेलं तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : नाही चालणार. त्याच मिनिटाला १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात मिनिटांत फिरतात, मधेच कुठे अडवले तरच हाती लागतात. फोन करताना व्यवहाराचा यू.टी.आर. (ओळख) क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. नंतर cybercrime.gov.in वर तक्रार, मग पोलीस ठाणे. ठाण्यात जाताना बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट घेऊन जा. फसवणाऱ्याशी झालेल्या गप्पा मोबाइलमधून पुसू नका, लाज वाटली तरी.