नारळ उभा राहिला, पण कोरड्या बोअरचं काय?

प्रश्न : मेव्हण्यांनी बोअर घेण्याआधी पाणाड्या (जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा) आणला. तळहातावरचा नारळ उभा राहिला आणि तिथंच २२० फुटांवर पाणी लागलं. "आणखी काय पुरावा पाहिजे? तुम्ही नोकरदार, तुम्हाला शेतीतलं काय कळतं?" असं ते म्हणतात. चूक आहे हे जाणवतं, पण नेमकी कुठे? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : आधी युक्तिवाद दोन ओळींत लिहा. कारण : नारळ उभा राहिला, मग पाणी लागलं. निष्कर्ष : नारळाला पाणी कळतं. सगळा भार त्या 'मग'वर आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!

पण एवढ्यानं मेव्हणे ऐकणार नाहीत. गावातल्या बोअरींचे चार कप्पे करा : नारळ उभा आणि पाणी, उभा पण कोरडी, आडवा तरी पाणी, आडवा आणि कोरडी. पारावर चर्चा होते ती पहिल्या कप्प्याची. दुसऱ्यातला माणूस पैसे बुडाल्याचं सांगत फिरत नाही. नारळ आडवा राहिला तिथं कुणी बोअर घेतच नाही, त्यामुळे उरलेले दोन रिकामेच. समजा, नारळ उभा राहिलेल्या १० पैकी ७ ठिकाणी पाणी लागलं. ऐकायला भारी. पण नारळाशिवाय घेतलेल्या १० पैकीही ७ ठिकाणी लागलं असेल, तर नारळाचा वाटा शून्य. आपल्या सोलापूर जिल्ह्याखाली काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, नारळ उभा राहो वा न राहो. इथं पाणी हे 'साध्य', म्हणजे सिद्ध करायची गोष्ट; उभा नारळ हा 'हेतू', म्हणजे त्यासाठी दिलेलं कारण. साध्य असो-नसो, दोन्हीकडे सापडणाऱ्या अशा हेतूला न्यायशास्त्र (तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) 'सव्यभिचार' म्हणतं.

'तुम्ही नोकरदार' हा टोला मुद्द्यावर नाही, माणसावर आहे. मात्र पाणाड्याला बोअरवाल्याकडून कमिशन मिळतं का, हे विचारणं रास्त. तिथं साक्षीचा भरवसाच तपासायचा असतो. आणि नारळ खोटा म्हणून त्या जागी पाणी नसणारच, असं तुम्हीही म्हणू नका.

प्रश्न : आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, "पार्किंग सगळ्यांचं आहे, म्हणून मी कुठेही दोन गाड्या लावीन." उत्तर सुचत नाही. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : हे वाक्छल, म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसराच अर्थ घेणं. 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असणारा, त्यावर "याच्याकडे नऊ कुठायत?" असं विचारायचं, हे वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं (न्यायसूत्रांवरच्या टीकेतलं) उदाहरण. चादरींच्या गावाला ते समजायला वेळ लागू नये. इथं 'सगळ्यांचं' म्हणजे सगळ्यांचं मिळून. गृहस्थ त्याचा अर्थ 'प्रत्येकाचं पूर्ण' असा करतात. तोच हक्क बाकीच्यांनीही वापरला तर दुसरी गाडी कुठं लावणार, एवढंच विचारा. ठरावात मात्र 'सगळ्यांचं' खोडून 'प्रत्येकी एक जागा' असं लिहून घ्या.